डेव्हनच्या भिंतीवर रोहिणखेडच्या गवऱ्या

निघायच्या आदल्या सकाळी मी नणंदेची बॅग तपासली आणि नऊवारी पातळांच्या घडीतून अकरा गवऱ्या बाहेर काढल्या.

"बाई, विमानात शेण नेता येत नाही."

"वाळेल हाय व. वास बी येत नाई."

"तरी नाही."

"मंग रोडगे कायच्यावर भाजू? तुह्या डोक्यावर?"

माझी नणंद कौसल्याबाई रोहिणखेडला असते. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पाच एकर कोरडवाहू शेती, दोन म्हशी आणि कुणाचंही न ऐकण्याची सवय. मी बुलडाण्याला एका दवाखान्यात वॉर्डाची मुख्य परिचारिका आहे. कुणाचंही न ऐकण्याची सवय मलाही आहे, पण मी ती पगारी वापरते. आम्हा दोघींना एकाच घरात सात दिवस ठेवायची कल्पना माझ्या मुलीची, प्रज्ञाची.

प्रज्ञा वास्तुकला शिकली, मग जुन्या इमारती कशा जपायच्या हे शिकायला शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेली आणि तिथेच एका संस्थेत लागली. ही संस्था जुनी घरं सांभाळते आणि सुट्टीला येणाऱ्यांना आठवड्याच्या भाड्याने राहायला देते. नोकरी सहा महिने परीक्षेवर होती. जूनअखेर कायम झाली तर ती राहणार, नाही तर सप्टेंबरात बॅग भरून बुलडाण्याला परत. निर्णय एका बाईच्या हातात, तिचं नाव हेलन. या हेलनला शुक्रवारी जेवायला बोलावलेलं होतं, आणि तिला रोडगे (जाडसर कणकेचे गोळे, गवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून तुपात बुडवलेले) आणि वांग्याची भाजी खाऊ घालायची असं बाईंनी रोहिणखेडलाच ठरवून टाकलं होतं. पीठ मी जाऊ दिलं. गवऱ्या ओट्यावर राहिल्या. राजूर घाट उतरेपर्यंत बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. मोताळ्याच्या पुढे फक्त एवढं म्हणाल्या, "भेटतीन तिकडं. गायी तं असतीनच."

मी लक्ष दिलं नाही. तीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या बाईने द्यायला हवं होतं.

मलकापूरहून रेल्वे, मुंबईहून विमान, लंडनहून पुन्हा रेल्वे आणि शेवटी सिडमाउथ नावाच्या समुद्रकाठच्या गावाकडे जाणारी बस. हा भाग डेव्हनचा. माती लालभडक. आमच्या काळ्या रानात वाढलेल्या बाईंना ती पाहून दया आली. "बिचारे," त्या म्हणाल्या, "कपाशी कशी करत असतीन?" प्रज्ञा एका थांब्यावर वाट पाहत होती. वाळली होती, पण वाळल्याचं मी बोलले नाही, कारण ते बाईंनी लगेच बोलून टाकलं.

थांब्यापासून पाऊण मैल चालत घर. दोन्ही बाजूंनी उंच झुडपं असलेली, एका बैलगाडीपुरती वाट. वळणावर ते दिसलं. गवताचं जाड छप्पर खिडक्यांवर उतरलेलं, पांढऱ्या भिंती, कोपरे गोलसर, जणू कुणी ओल्या हाताने फिरवून काढलेले. बाई फाटकातच थांबल्या.

"प्रज्ञे, हे तं मातीचं हाय."

"हो आत्या. तीनशे वर्षांचं. याला इकडे कॉब म्हणतात. माती आणि काड तुडवून भिंत उचलायची."

"अन् माह्यं साठ वर्साचं मातीचं घर पाडून स्लॅब टाकला, तवा पेढे कोनं खाल्ले व?"

"मी दहा वर्षांची होते, आत्या."

"चार खाल्ले."

दार पाच फुटांचं. माझी उंची पाच फूट सहा इंच. पहिल्या संध्याकाळी माझं कपाळ तीनदा चौकटीवर आदळलं आणि फ्रीजमधल्या गोठवलेल्या मटारची पिशवी कपाळाला धरून मी तो ऐतिहासिक वारसा पाहिला. बाई त्याच दारातून डोक्यावर पदर घेऊन अशा ये-जा करत होत्या की घर त्यांच्या मापाने बांधलं असावं. वरच्या खोलीची जमीन उतरती होती. सकाळी उठले तर माझी चाकांची बॅग आपणहून खिडकीपाशी जाऊन उभी होती.

घरात एक जाडजूड वही होती, पाहुण्यांसाठी सूचनांची. प्रज्ञाने ती आम्हाला पूर्ण वाचून दाखवली, कारण तिला आम्ही माहीत होतो. भिंतींना खिळे ठोकू नयेत. चिकटपट्टी लावू नये. चित्र टांगू नये. भिंतीला कपाट टेकवू नये. चुलाण्यात बाहेरचं लाकूड जाळू नये. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. नंतर त्यांनी सांगितलं की त्या प्रत्येक सूचना नीट लक्षात ठेवत होत्या, आणि यातली एकही त्यांनी मोडली नाही. हे खरं आहे.

रविवारी समुद्र पाहिला. दोन्ही बाजूंना लाल कडे आणि मध्ये वाळूऐवजी नुसते गोटे. त्या गोट्यांवर माणसं स्वेटर घालून ऊन खात पडली होती. प्रज्ञाने तळलेला मासा आणि बटाट्याच्या काचऱ्या आणल्या. बाईंनी पहिला तुकडा हातात धरला आणि कोंबडीएवढा पांढरा पक्षी खाली उतरून तो घेऊन गेला. बाईंनी उभं राहून त्या पक्ष्याला, त्याच्या आईला आणि त्याच्या गावाला जे काही सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. बाकावर बसलेला एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला.

"वीस वर्षं मी यांना हेच सांगतोय," तो प्रज्ञाला म्हणाला. "पण नीट शब्द सापडत नव्हते."

सोमवारी भटकलो. मंगळवारी प्रज्ञाला कामावर बोलावणं आलं. संध्याकाळी सहाला येते म्हणाली. मी वांगी आणायला बसने गावात गेले. इथली वांगी दुधीभोपळ्याएवढी असतात. भरायची कशी, हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला. त्याने विचार करून सांगितलं की आपण ती आयुष्यात खाल्लेलीच नाहीत, फक्त विकतो. चार दुकानं फिरून बोटभर लांब वांगी मिळाली. खूष होऊन मी दुपारी दोनला परत आले आणि घराच्या मागच्या बाजूला गेले.

दक्षिणेकडच्या भिंतीवर, त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर, एकतीस गवऱ्या थापलेल्या होत्या. प्रत्येकीवर पाच बोटांचा ठसा. ओळी सरळ होत्या, एवढं मान्य केलं पाहिजे.

"बाई! हे काय केलं?"

"गवऱ्या थापल्या. काऊन? उन्ह पाह्य ना केवढं पडलं."

"अहो ही तीनशे वर्षांची भिंत आहे!"

"मंग? एवढ्या वर्सात हिनं शेण पाह्यलं नसंन का?"

"त्या वहीत लिहिलंय ना..."

"खिळा ठोकला का म्या? चिकटपट्टी लावली का?"

शेण कुठून आलं तेही तेवढ्यात कळलं. शेजारचा शेतकरी एकचाकी गाडा ढकलत फाटकाशी आला. मुलासारख्या गुलाबी गालांचा, साठीचा माणूस. त्याने मला विचारलं की त्या बाईंना आणखी एक गाडा हवा आहे का. सकाळी त्या बादली घेऊन त्याच्या कुरणाशी आल्या, गाईकडे बोट दाखवलं, मग गाईच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. बागेला खत हवं असेल असं त्याला वाटलं. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

"ही तुमच्याकडची बागकामाची पद्धत आहे का?"

"हो," मी म्हणाले आणि फाटक लावून घेतलं.

प्रज्ञा यायला चार तास होते. वॉर्डात कुणी भिंत घाण केली की मी एकच करते, ताबडतोब साफ. बाई म्हणाल्या, "राहू दे, वाळल्या का आपसूक निघतीन." त्यांचं मी ऐकलं नाही. स्वयंपाकघरातलं लोखंडी उलथनं घेतलं आणि एकतीसच्या एकतीस खरवडून काढल्या. मागे हिरवट गोल राहिले. मग गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी. हिरवट रंग निघाला. त्याच्याबरोबर पांढरा चुना निघाला. मी आणखी जोर लावला. चुन्यामागून लाल माती निघाली, ओली होऊन ओघळली आणि माझ्या सपातांवर पडली. मी थांबले तेव्हा भिंतीवर दाराएवढा लाल चट्टा होता आणि दोन ठिकाणी बोटभर खोल खड्डे.

बाई मागच्या पायरीवर बसून पाहत होत्या. "आता कसं," त्या म्हणाल्या, "तवा तं नुसतं शेण होतं."

प्रज्ञा सहाला आली. ओरडली नाही. भिंतीजवळ उकिडवी बसली आणि खड्ड्यात बोट घालून पाहिलं.

"आई, हे कशानं घासलं?"

"घासणीनं."

"कुठल्या?"

"तारेच्या."

तिने मान खाली घातली. मग हळू आवाजात समजावून सांगितलं, आणि तेच मला जास्त लागलं. शेण वाळून नुसत्या झाडूने निघालं असतं. पुसट डाग राहिला असता, तो पुढच्या चुन्यात गेला असता. ओल्या मातीच्या भिंतीला घासणी लावणं म्हणजे जखमेवरची खपली काढण्यासारखं. "आत्याचं शेण निघालं असतं, आई. तुझी घासणी आता कशी काढू?"

मी लगेच तोडगा सांगितला. गावात रंगाचं दुकान पाहून ठेवलं होतं. पांढऱ्या रंगाचा एक डबा, दोन ब्रश, उद्या दुपारपर्यंत काम खलास. हेलन शुक्रवारी येणार, तिला काय कळतंय?

"तो प्लास्टिकचा रंग, आई. मातीच्या भिंतीला लावला की आतलं पाणी आत कोंडतं आणि भिंत आतून सडते. आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. माझी नोकरी म्हणजेच हे थांबवणं आहे."

"मग काय करणार?"

"हेलनला फोन."

मी दारात आडवी उभी राहिले. चौकटीवर डोकं आपटलं, तरी उभी राहिले. शिष्यवृत्तीसाठी तीन वेळा अर्ज केलास, म्हणाले. पुण्याला एका खोलीत चौघी राहिलात. पुढच्या आठवड्यात कायमचं पत्र येणार आणि तू आज स्वतः फोन करून सांगणार की माझ्या आईनं भिंत खाल्ली? आठ दिवस थांब, पत्र हातात घे, मग सांग. मी तुझ्यासाठीच सांगते. मी वॉर्डातलं सांगितलं, बदल्यांचं सांगितलं, तिच्या वडिलांचं सांगितलं. प्रज्ञा ऐकत होती आणि हातातल्या फोनकडे पाहत होती. बाईंनी माझी बाजू घेतली नाही, हे मला तेव्हा फितुरीसारखं वाटलं. अखेर त्यांनीच माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं.

"सरक व सुमन. पोरगी तिचं काम करून राह्यली."

प्रज्ञा बागेत गेली आणि फोन लावला.

हेलन बुधवारी सकाळी साडेआठला आली. उंच, हडकुळी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. दारातून वाकून आत आली ती न पाहता, सवयीने. भिंत पाहिली आणि म्हणाली, "बरं." अंगठ्याने माती दाबली, पुन्हा "बरं." शेजारी मापपट्टी धरून फोटो काढले.

"हे कुणी केलं?"

प्रज्ञा तोंड उघडत होती. मी दवाखान्याच्या इंग्रजीत म्हणाले, "मी. शेण यांचं, घासणी माझी."

"घासणी दाखवा."

मी आणून दिली. तिने ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर तारीख लिहिली आणि गाडीत ठेवली. तीस वर्षांत मी अशा पुष्कळ पिशव्या भरल्या आहेत. स्वतःची वस्तू पिशवीत जाताना पहिल्यांदा पाहिली.

मग तिने प्रज्ञाला सांगितलं की माती भरणारा कारागीर तीन आठवडे मोकळा नाही आणि खड्डे तसेच उघडे ठेवता येत नाहीत. "तू भर. माती आणि काड मी दुपारी पाठवते. मजूर तुझ्याकडे दोन आहेतच." हे ती हसून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. आमच्याकडे एकदा पाहून ती बागेतल्या खुर्चीवर कागद घेऊन बसली. बसली ती बुधवार-गुरुवार दोन्ही दिवस, येऊन-जाऊन.

प्रज्ञाने भिंतीची पडलेली खपली काचेच्या भांड्यात, पाण्यात टाकून ठेवली होती. तळाला वाळू, वर माती, सगळ्यात वर तरंगणारं काड. हे प्रमाण पाहून तिने माती मिसळायला सांगितली. पहिला गारा मी केला. सैल झाला आणि भिंतीवरून घसरून परत माझ्या सपातांवर आला. मग बाईंनी पातळाचा कासोटा वर खोचला आणि अनवाणी मातीत उतरल्या. रोहिणखेडला त्यांनी घर सारवलं, ओटे घातले, कणग्या लिंपल्या. टाचेने दाबायचं, पंजाने ओढायचं, मध्येच मूठभर काड. हेलनचा पेन थांबला. बाईंना ते दिसलं आणि त्या आणखी ऐटीत तुडवू लागल्या.

"आता यात शेण पाह्यजे," त्या म्हणाल्या. "गाडाभर पडेल हाय."

"नाही, आत्या."

"शेणाबिगर तडकंन व!"

"तडकू दे. या भिंतीत शेण नाही. जे होतं तेच परत घालायचं."

"तुह्या जन्माच्या आधीपासून मी..."

"आत्या. नाही म्हणजे नाही."

माझ्या नणंदेला कुणी असं म्हटलेलं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. बाई अर्धा तास फुगून बसल्या. मग मातीत उतरल्या, पण पाठ प्रज्ञाकडे करून. चुना कालवताना माझी पाळी आली. मी दह्यासारखा घट्ट केला, प्रज्ञाने तो दुधासारखा पातळ करून आणायला लावला. "झाकलं जाणार नाही," मी म्हणाले. "ओला असताना दिसत नाही, आई. वाळला की पांढरा होतो. ब्रश आडवा नको. पुन्हा कर." मी पुन्हा केलं. माझ्या वॉर्डातल्या मुली हे वाचतील तर त्यांना आनंद होईल.

गुरुवारी सकाळी भरलेल्या मातीला केसाएवढी भेग पडलेली होती. बाईंनी ती आम्हा प्रत्येकीला वेगवेगळी दाखवली, हेलनलाही हाताला धरून नेऊन दाखवली. प्रज्ञाने पाणी शिंपडलं आणि लाकडी थापीने भेग दाबून बुजवली. ती पुन्हा उघडली नाही. मोठा चट्टा त्या दिवशी चुन्याच्या एका हाताने पांढुरका झाला. खड्डे मात्र तसेच लाल ठेवले, ते सुकल्यावर पुढचे हात प्रज्ञा येऊन देणार होती.

शुक्रवारी रोडगे विजेच्या भट्टीत भाजले. बाईंनी पहिला फोडून पाहिला आणि जाहीर केलं की हे बिस्किट आहे. हेलनने तीन खाल्ले. बाई प्रत्येकावर तूप ओतत होत्या आणि हेलन हाताने आडवत होती, पण उशिरा. वांग्याच्या भाजीने तिचे डोळे पाणावले, नाक लाल झालं, ताट मात्र पुसून रिकामं केलं. जाताना तिने बाईंचा हात हातात घेतला, माझ्याकडे मान हलवली, प्रज्ञाला म्हणाली, "कळवते." आणि गेली. बाई म्हणाल्या, तीन रोडगे खाणारी बाई वाईट असूच शकत नाही. मी म्हणाले, आमच्याकडे जिल्ह्याहून तपासणीला येणारेही पोटभर जेवतात आणि मग लिहायचं ते लिहितात.

शनिवारी आम्ही निघालो. भिंतीवर दोन लाल ठिपके अजून ओले होते. प्रज्ञा थांब्यापर्यंत आली. मी तिला म्हणाले, "परत आलीस तरी काही बिघडत नाही." ती म्हणाली, "बिघडतं, आई." बस आली.

परतीच्या प्रवासात लिहिण्यासारखं काही घडलं नाही. मलकापूरला उतरलो तर बेचाळीस अंश. बाई मोताळ्याला उतरून रोहिणखेडला गेल्या आणि मी घाट चढून बुलडाण्याला आले. दुसऱ्या दिवशी कामावर हजर. दोन दिवस फोन खिशात ठेवून राउंड घेतले, जे मी इतरांना करू देत नाही.

गुरुवारी दुपारी फोन आला. "जयभीम आई. कायम झाले."

मी स्टुलावर बसले. भिंत आवडली का तिला, विचारलं. प्रज्ञा म्हणाली, भिंतीचं विशेष नव्हतं. भिंत कुणीही भरून देतं, असं हेलन म्हणाली. तिने एकच प्रश्न विचारला होता, नुकसान दिसल्यापासून फोन करेपर्यंत किती वेळ गेला. प्रज्ञाने खरं सांगितलं, एक तास. एवढा का लागला, असंही हेलनने विचारलं.

"मग?"

"मग मी सांगितलं. त्यातली पन्नास मिनिटं आई दारात आडवी होती."

"हे लिहिलं तिनं?"

"अहवालात आहे. तुझं नाव नाही, नुसतं 'आई' लिहिलंय."

मला राग यायला हवा होता. घरात सगळ्यात व्यवहारी मी, असं मी धरून चालले होते. मुलीची नोकरी वाचवायला दारात उभी राहिले आणि तिने माझ्या शेजारून निघून जाऊन ती मिळवली. आता इंग्लंडातल्या कुठल्याशा कपाटात, तीनशे वर्षांच्या घराच्या फायलीत, मी कायमची पन्नास मिनिटं आडवी उभी आहे.

बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी पोरीच्या नोकरीचं ऐकून घेतलं, नाक ओढलं आणि विचारलं, "अन् माह्यं काय लिवलं?"

"शेणामुळे भिंतीला काही अपाय झाला नाही, असं लिहिलंय."

"सायबीणनं लिवलं?"

"हो."

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

फोन बंद झाला. शेजारणीला सांगायला जायचं होतं त्यांना.